तिसरा रकाना

तोंडावर तिला सगळे 'बाई' म्हणत आणि पाठ फिरली की 'रकानेबाई'. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. रेघ मारून कप्पे पाडल्याशिवाय तिला कुठलीच गोष्ट नीट दिसायची नाही, हे खरंच होतं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पट्टी: आत काय, कधी भरलं, कधीपर्यंत चालेल. नवरा म्हणायचा, "माझ्याच पाठीवर तेवढी पट्टी राहिलीय."

"तुम्ही कधी आलात ते ठाऊक आहे," ती म्हणायची, "उपयोग काय ते कळलं की चिकटवीन."

ती एका मध्यम कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती. जिन्याखालची तिची खोली इतकी लहान की दार उघडायचं तर खुर्ची आत सरकवावी लागे. टेबलावर कॉम्प्युटर, पट्टी, दोन पेन्सिली आणि खोडरबर. सकाळी आल्याबरोबर ती खिडकी उघडायची, डोळे मिटून क्षणभर हात जोडायची आणि मगच मशीन चालू करायची. मदतनीस बाई हसायच्या. "देव काय मशीन चालू करून देतो होय?"

"मशीन मी करते. मला चालू कोण करणार?"

ती नोकरीला लागली तेव्हा नियतकालिकं कागदाची यायची. अंक आला, शिक्का मारला, कपाटात ठेवला की तो ग्रंथालयाचा झाला. मग हळूहळू सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि ग्रंथालयाच्या हाती अंकांच्या जागी करार येऊ लागले. प्रत्येक प्रकाशकाचा करार निराळा. एकाच वेळी किती जणांनी वाचायचं, छापून घ्यायचं का, वर्गणी थांबली तर जुने अंक उघडणार का, दुसऱ्या ग्रंथालयाने एखादा लेख मागितला तर पाठवायचा का. पहिला करार आला तो चौदा पानांचा. बाकीच्यांनी शेवटच्या पानावर सह्या केल्या. तिने पेन्सिल घेऊन तीन दुपारी तो वाचला, आणि चौथ्या दुपारी पट्टी काढून कागदावर रकाने आखले. प्रश्न डावीकडे. उजवीकडे 'हो' आणि 'नाही'.

अर्ध्यावर ती अडली. दुसऱ्या ग्रंथालयाला लेख पाठवण्याबद्दल करारात अवाक्षर नव्हतं. हो नाही, नाही नाही. करार गप्प होता.

आता इथे कुणीही 'नाही' लिहून मोकळं झालं असतं. पण या बाबतीत तिची तालीम फार आधी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली होती. सासूबाई कमी बोलायच्या. एकदा हिने विचारलं, "पुढच्या खोलीतले पडदे धुवायला काढू का?" सासूबाईंनी वरही पाहिलं नाही. हिने मनात धरलं, नको असणार. आठ दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "पडद्यांना मुहूर्त बघते आहेस का?"

"मी विचारलं होतं, तुम्ही काही बोलला नाहीत."

"बोलले नाही म्हणजे नको म्हणाले का? गप्प होते. पुन्हा विचारायला जीभ झिजते?"

त्या दुपारी तिने तिसरी उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'गप्प: विचारून घ्यावे'. तिच्या आयुष्यातलं सगळं नाव, सगळी थट्टा आणि पुढचं सगळं दुखणं त्या एका रेघेतून आलं.

तिच्याकडून नेमाने लेख मागणारं एकच ठिकाण होतं. घाटावरच्या इस्पितळाला लागून परिचारिकांची शाळा होती; तिचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक बाई. त्या बाईंचा फोन यायचा, "जखम धुण्यावरचा एक लेख हवा होता, मुलींना शिकवायचंय. मिळेल का हो?" करार हो म्हणत असेल तर ही लगेच पाठवायची. नाही म्हणत असेल तर तसं सांगायची. आणि गप्प असेल तर प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहून विचारायची. बहुतेकदा उत्तर यायचं, एखाददुसऱ्या लेखाला हरकत नाही. मग त्या करारापुढे ती पेन्सिलीने तारीख घालून ठेवायची.

पुढे नऊ ग्रंथालयांनी मिळून ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या वहीत आपापल्या भाषेत करार उतरवण्यापेक्षा एकच नमुना करावा. तेच प्रश्न, त्याच शब्दांचा तोच अर्थ, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याला वापरता येईल, आणि मशीनलाही वाचता येईल. समिती नेमली. अध्यक्ष झाली विद्यापीठाची ग्रंथपाल. उंच, सावळी, पाठ ताठ, आवाज असा की माइक नको. पहिल्याच बैठकीत तिने हिच्या हातातला कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आपण सहा महिने ज्यावर बोलणार होतो ते या बाईने शाळकरी पट्टीने आखून आणलंय. चहा मागवा, काम झालं."

काम काही झालं नाही. ते सहा वर्षं चाललं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी नऊ जण लांब टेबलाभोवती बसायचे आणि एकेका शब्दावर भांडायचे. 'वाचक' म्हणजे कोण? निवृत्त प्राध्यापक वाचक की पाहुणा? 'इमारत' म्हणजे वसतिगृह धरून की सोडून? 'वाचक' या एका शब्दावर अकरा महिने गेले. एका गृहस्थांची तेवढ्यात मुलगी लग्न होऊन सासरी गेली, ते म्हणाले, "व्याख्या पूर्ण होईतो नातू होईल." झाला.

त्या सहा वर्षांत या दोघींचं मैत्र जमलं. अध्यक्षबाई हिच्याहून अकरा महिन्यांनी मोठी, म्हणून सगळे त्यांना थोरली-धाकटी म्हणू लागले, एका घरातल्या जावा असाव्यात तसे. बैठक संपली की दोघी बस थांब्यापर्यंत चालत जायच्या आणि तीन तीन बस सोडून द्यायच्या. थोरलीला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेलेला. हिने तिला सणावाराला घरी बोलावलं, आजारपणात तिच्याकडे राहिली. संध्याकाळी देवापुढे बसली की घरच्यांची नावं घ्यायची तिची सवय होती. त्या यादीत नवऱ्यामागे, मुलीमागे थोरलीचं नाव येऊ लागलं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात.

तिसऱ्या रकान्यावर मात्र दर वर्षी वाद व्हायचा. मोठ्या ग्रंथालयांना तो नको होता. त्यांचे वकील म्हणायचे, लिहिलेलं नाही ते मनाई समजा, म्हणजे झोप लागते. दर वेळी ही उठून तेच सांगायची: "गप्प असणाऱ्याच्या तोंडात आपण 'नाही' घातलं तर तो उद्या 'हो' म्हणणार होता हे कधी कळायचंच नाही. विचारायची वाट तरी उघडी ठेवा." आणि दर वेळी थोरली टेबलावर टिचकी मारून म्हणायची, "धाकटी म्हणते ते राहू द्या. पुढचा मुद्दा."

सहाव्या वर्षाच्या शेवटी, नमुना पुरा होत आलेला असताना, सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. ही रजा टाकून इस्पितळात बसली. फोन पिशवीच्या तळाशी, तोही बंद. ऑफिसची पत्रं कॉम्प्युटरवर येऊन पडत होती, ती कोण उघडणार?

त्या महिन्याच्या बारा तारखेला दुपारी थोरली इस्पितळात आली. थर्मासमध्ये गरम सूप आणलं होतं, सासूबाईंना मऊ उशी. तासभर बसली. सासूबाईंचे पाय चेपले. ही म्हणाली, "बैठकीचं काय झालं गं? मी तर जगातून उठल्यासारखी झालेय."

"कामाचं काही काढू नकोस," थोरली म्हणाली. "सगळं चाललंय. तू यांच्याकडे बघ."

ती गेल्यावर हिचे डोळे भरून आले. इतकी कामाची बाई, बस बदलून आली, पाय चेपले. त्या संध्याकाळी खाटेच्या कडेला बसून हिने नावं घेतली तेव्हा थोरलीचं नाव सर्वांत आधी घेतलं.

सासूबाई घरी आल्या, काठी धरून चार पावलं टाकू लागल्या, तेव्हा ही कामावर गेली. खिडकी उघडली, हात जोडले, मशीन चालू केलं. एवढ्यात फोन वाजला. परिचारिका शाळेच्या बाई होत्या. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाई, तुमच्या त्या नव्या मशीनवर लेखाची मागणी टाकली होती. परत आली."

"परत कशी येईल? मी बघितलीच नाही अजून."

"तुमच्याकडून नाही, मशीनकडूनच आली. लिहिलंय, करारानुसार परवानगी नाही." मग त्यांनी विचारलं, "बाई, विचारू का एक? हा लेख नवा, पण याच मासिकातले आधीही तुम्ही पाठवलेत. मग इतकी वर्षं आपण चोरी करत होतो का?"

"बघून सांगते," एवढंच ही म्हणाली.

तिने तो करार उघडला. नव्या नमुन्यात, नऊ ग्रंथालयांच्या सामाईक नव्या मशीनवर. प्रश्न डावीकडे. उजवीकडे 'हो' आणि 'नाही'. तिसरी रेघ नव्हतीच. तिच्या ग्रंथालयाच्या त्रेचाळीस करारांत जिथे जिथे तिने 'गप्प' लिहिलं होतं तिथे तिथे आता 'नाही' होतं. नऊही ग्रंथालयांत तेच. कुणीतरी एका बटणानं सगळ्यांना एकदम 'नाही' म्हणायला लावलं होतं. तिने प्रत्येकी तीन दुपारी घालवून वाचलेले करार होते ते. तिने विचारून आणलेल्या आणि मागाहून मशीनवर चढवलेल्या परवानग्यांच्या तारखासुद्धा पुसल्या गेल्या होत्या, कारण त्या त्याच रकान्यात लिहिलेल्या होत्या.

नमुन्याच्या पहिल्या पानावर समितीची नावं होती. तिच्या नावापुढे 'संमत' होतं.

मग तिने साठलेली पत्रं उघडली. तीन तारखेचं एक पत्र होतं, थोरलीच्या कार्यालयातून आलेलं: अंतिम मसुदा सोबत जोडला आहे, तेरा तारखेपर्यंत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.

तेरा तारीख. आणि बारा तारखेला थोरली सूप घेऊन आली होती.

तिने पुन्हा एकदा दोन्ही तारखा बोट ठेवून वाचल्या, लहान मूल अक्षरं वाचतं तशा. मग मशीन बंद केलं, पर्स घेतली आणि बसने विद्यापीठात गेली.

थोरलीची खोली मोठी होती. खिडकीत कुंड्या, भिंतीला लागून नव्या नमुन्याच्या छापील प्रतींचा गठ्ठा. हिला पाहून ती उठली. "अगं, धाकटे! सासूबाई कशा आहेत?"

"चालतात. तिसरा रकाना कुठे गेला?"

थोरली बसली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बस आधी."

"उभीच बरी आहे."

"मशीनवाले म्हणाले, दोनच ठेवा. तीन घातले तर सगळं पुन्हा बांधावं लागेल. मोठी तिन्ही ग्रंथालयं म्हणाली, तिसरा असेल तर आम्ही बाहेर पडतो. सहा वर्षं पाण्यात गेली असती. तुझीसुद्धा."

"मला विचारायचं."

"विचारलं की. पत्र पाठवलं होतं."

"मी कुठे आहे ते तुला माहीत होतं."

थोरलीने समोरचे कागद उगीच सरळ केले.

"तू आली होतीस. माझ्या शेजारी स्टुलावर बसली होतीस. मी तोंडाने विचारलं, बैठकीचं काय झालं."

"तुझी अवस्था बघवत नव्हती."

"म्हणून मुदत संपू दिलीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू हट्टाला पेटली असतीस," थोरलीचा आवाज चढला. "उभी राहून तेच ते भाषण केलं असतंस. आणि मला सगळ्यांसमोर तुझ्या विरुद्ध हात वर करावा लागला असता. ते मला नको होतं."

हिला पहिल्यांदाच तिचं म्हणणं पूर्ण कळलं. थोरलीला हिचं उत्तर ठाऊक होतं. ते ऐकावं लागू नये म्हणून ती सूप घेऊन आली होती.

"करार गप्प राहिला तर तुम्ही म्हणता, नाही. मी गप्प राहिले तर म्हणता, हो. कुठल्या शाळेत शिकलात गं हे?"

थोरलीने गठ्ठ्यातली एक प्रत उचलून पुढे केली. "प्रस्तावनेत तुझे आभार मानलेत. पहिलंच नाव आहे."

ती प्रत टेबलावर तशीच राहिली. त्या दिवशी बस थांब्यावर हिने पहिलीच बस पकडली.

घरी सासूबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी सगळं काढून घेतलं, अर्ध्या तासात. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पाय मात्र छान चेपले हो तिने."

"तेच तर सोसत नाहीये."

"पाय चेपले ते खोटं नव्हतं. हात कळतात मला," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुझा विश्वासघात केला तेही खोटं नाही. एकाच माणसाने एकाच दुपारी दोन्ही केलं. आता तू बस त्यातलं एक खोडत."

नवरा म्हणाला, "सोड ना. समितीत कोण काय लिहितं ते कोण वाचतं?"

"घाटावरच्या बाई वाचतात," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय आपण चोरी केली."

दुसऱ्या दिवशी तिने समितीला पत्र लिहिलं. माझ्या नावापुढचं 'संमत' काढावं. त्या जागी 'उत्तर आले नाही' असं लिहावं, कारण घडलं ते तेवढंच. चार दिवसांनी उत्तराऐवजी एक छापील अर्ज आला. मत बदलण्याचा अर्ज. त्यात दोन चौकटी होत्या: संमत, असंमत. खाली बारीक अक्षरात, असंमत ग्रंथालयास सामाईक यंत्रणेतून बाहेर पडावे लागेल.

ती कितीतरी वेळ तो अर्ज घेऊन बसली. असंमत म्हटलं तर तिच्या कॉलेजच्या मुलांचं आणि परिचारिका शाळेचं, ज्यांना करार उघडपणे हो म्हणतात ते लेखही बंद होणार. संमत म्हटलं तर ती खोटी पडणार. आणि काहीच पाठवलं नाही, तर तिच्या गप्प बसण्याचं काय करतात ते तिने पाहिलंच होतं.

तिने ड्रॉवरमधून पट्टी काढली. दोन चौकटींच्या शेजारी तेवढीच तिसरी आखली, कोपरे नीट जुळवून. आत लिहिलं, 'मला विचारलं नव्हतं.' तिच्यापुढे खूण केली, खाली पूर्ण सही केली आणि कागद पाकिटात घालून स्वतः पोस्टात टाकला.

आठवड्याने अर्ज परत आला. 'नमुना चुकीचा भरला आहे, दुरुस्त करून पाठवावा.' खाली थोरलीची आद्याक्षरं होती. ती लपेट हिला झोपेतसुद्धा ओळखू आली असती. तिने तसाच दुसरा अर्ज भरला, तशीच चौकट आखून. तोही परत आला. तिसराही. मदतनीस बाई म्हणाल्या, "पट्टी झिजेल हो तुमची."

"लाकडाची आहे. निवृत्तीपर्यंत पुरेल."

मधल्या काळात तिने त्रेचाळीस करार पुन्हा काढले. ज्यांचे करार गप्प होते त्या एकेका प्रकाशकाला पहिल्यापासून पत्र लिहायला बसली: आपल्या करारात दुसऱ्या ग्रंथालयाला लेख पाठवण्याबद्दल काही म्हटलेलं नाही. मागे आपण तोंडी-लेखी हरकत नाही म्हणाला होतात, त्याची नोंद नव्या यंत्रणेतून पुसली गेली आहे. म्हणून पुन्हा विचारते. रोज दुपारी दोन पत्रं. कुणी उत्तर दिलं, कुणी दिलं नाही. न देणाऱ्यांना महिन्याने दुसरं पत्र जायचं. पाच जणांनी स्पष्ट नाही कळवलं. ते तिने मुकाट लिहून घेतलं. नाही म्हणणाऱ्यावर तिचा राग नव्हता.

ज्या मासिकावरून हे सगळं उपटलं त्याचं उत्तर सातव्या आठवड्यात आलं. एका ओळीचं. 'शिक्षणासाठी एखादा लेख पाठवण्यास आमची पूर्वीही हरकत नव्हती.' तिने मशीनवर त्या करारापुढचं 'नाही' खोडून 'हो' केलं आणि घाटावर फोन लावला.

"लेख पाठवलाय. आणि तुम्ही विचारलं होतंत ना त्या दिवशी?"

"काय हो?"

"आपण चोरी करत नव्हतो. पत्र आलंय तसं. तुम्हाला प्रत पाठवते, कपाटाला लावून ठेवा."

मग बाई म्हणाल्या, "मी एवढे दिवस मुलींना हेच सांगत होते, बाई असं करणार नाहीत."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आता कुणाला तरी हे सांगावं. अशा वेळी ती ज्या नंबरला फोन करायची तो बोटांना पाठ होता. चार आकडे दाबून झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिने रिसीव्हर खाली ठेवला.

दुसऱ्या शनिवारच्या बैठकींना ती अजूनही जाते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसते. दर वेळी तिसऱ्या रकान्याचा मुद्दा लेखी देते; अध्यक्षबाई तो वाचून दाखवतात आणि म्हणतात, "पुढचा मुद्दा." थोरली-धाकटी आता कुणी म्हणत नाही.

संध्याकाळी देवापुढे बसली की ती नावं घेते. सासूबाई, नवरा, मुलगी. आता घाटावरच्या बाईही. मग एका नावाशी येऊन ती अडते. पहिल्या दिवसांत तिने ते सरळ गाळून पाहिलं, तर त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एकदा मन घट्ट करून उच्चारलं, तर पहिल्या अक्षरापुढे जाता आलं नाही. हल्ली ती तिथे थांबते फक्त, हात जोडून, ओठ मिटून. सासूबाई मागच्या खुर्चीतून बघत असतात.

"झालं का गं?" त्या विचारतात.

ती काही बोलत नाही. सासूबाई थोडं थांबतात आणि पुन्हा विचारतात.